कोळशाचं वाळवण

लावतो नं साहेब, लावतो अंगठा, कोन नाई म्हनते? शाईची डबी राहू द्या उघडी — पन कागद एक डाव अजून वाचून दाखवा. मले अक्षर येत नाई, पन कान अजून शाबूत हायत. ...हां. "भीमराज याने कोळशाच्या ढिगावर जळती बिडी टाकली, त्यामुळे ढीग पेटला, हे मी, चौकीदार खेमसिंग, माझ्या डोळ्यांनी पाहिले." वा! चांगलं लिहिलं. कोनं लिहिलं हे? तुमच्या खदान कंपनीच्या नागपूरच्या हापिसातल्या कारकुनानं? म्हंजे तो तिथं पंख्याखाली बसला होता अन् त्याले इथली बिडी दिसली. मी इथं ढिगाच्या बुडाशी खाट टाकून असतो, मले नाई दिसली बाप्पा. नजर चांगली हाय पोट्ट्याची. त्याले चौकीदार ठेवा, मी नागपूरले पंख्याखाली बसतो.

बसा, बसा. खुर्चीवर नोका बसू, तिचा एक पाय मनिजर साहेबासारखा हाय — दिसते मजबूत, भार टाकला की सरकते. खाटेवर बसा. डायवरनं जीप चालूच ठेवली, म्हंजे तुमाले घाई हाय. मले नाई. मले जन्मात कोनतंच काम घाईनं जमलं नाई. माही बायको लालीबाई म्हने, हा मानूस मराले बी उशीर करीन. बरोबर निघालं तिचं, तिचाच नंबर आदी लागला. तं मी काय म्हनत होतो — बिडी. साहेब, टोपलं वाहनारा हा भीमराज बिडी पेत नाई. पेत होता, खोटं कायले बोलू, पांढरकवड्याच्या बाजारातून गड्डीच्या गड्डी आने, मले बी देये. पाच वर्सं झाले, दसऱ्याले नागपूरले गेलता तो, बायकोले घेऊन, नव्या वहाना घालून — अन् आला तं दारू बंद, देव्हाऱ्यातले टाक नदीत, अन् बिडी बी बंद. बिडीचं तिथं कोनी काई सांगतलं नोतं म्हने, यानं आपल्याच मनानं सोडली. मी म्हनलं, काहून रे, तुह्या बुद्धाले धुराचा तरास होते काय? तं हासला. म्हने, "काका, सोडाचंच हाय तं एका खेपेत सोडतो, दोन खेपा कोन करते?" असा मानूस. अन् तुमच्या कारकुनानं त्याच्या हातात बिडी देली! कंदील द्याचा होता, चुलीचा इस्तो द्याचा होता. पन नाई — बिडी कशी बरी पडते, लहान असते, जळून जाते, मागं काईच ठेवत नाई. कोनी म्हनलं दाखवा, तं जळाली म्हना. हुशार हाय तुमचं हापिस.

खदानीवर दीडशे मानसं, त्यातले एकशे चाळीस बिडी पेतात. मी बी पेतो, हे पाहा कानावर हाय. मनिजर साहेब तं सिगरेट पेत पेत ढिगावर चढत अन् तिथंच विझवत, बुटाखाली. अन् सापडला कोन? जो पेत नाई तो. काहून? — ते तुमाले बी मालूम हाय, मले बी मालूम हाय, नोका मान खाली घालू. मानसानं घर बदललं नाई, गाव बदललं नाई, काम तेच, टोपलं तेच, फकत देव बदलला, तरी लोकाईले वाटते हा आपल्या जाग्यावरून उठला, आता याले बसवा. आता राज्याचं बी नाव बदललं, मुंबईचं महाराष्ट्र झालं, त्याले नाई कोनी काई म्हनत.

मंग पेटला कसा? — हेच तं आदी विचाराले पाह्यजे होतं तुमी. कागद लिहून आनला अन् मंग विचारून राह्यले. बरं, विचारलं तं खरं. थांबा, ती बादली सरकवतो. हे पाहा. दीड-दोन मह्यने झाले, खालून एकाच थरातला कोळसा निघाला, त्यातले दोन सारखे ढेकळं मी उचलले, जसे एका मायचे जुळे पोट्टे. एक या बादलीत पान्यात ठेवलं, एक तिकडं पत्र्यावर उन्हात. मनिजर साहेबाले दाखवाले. त्याईनं नीट नाई पाह्यलं, तुमी पाहा. हे ओलं घ्या हातात. जड हाय नं? काळंभोर, चमकते कसं, कडा अशा की बोट कापन. आपटा त्या दगडावर, आपटा, काई होत नाई — ऐकलं? ठन्न. आता हा त्याचा भाऊ. पाहा कसा बोटभर लहान झाला, आंग चोरलं त्यानं. वजन पाहा, निम्मा मानूस उठून गेल्यासारखं. चमक गेली, राखेवर गेला रंग. अन् ह्या भेगा — चैतात काळं वावर फाटते नं, तशा, आडव्या, उभ्या. आता दाबा. जास्त नाई, पापड मोडतो तितकंच — हां! गेलं नं? अरे अरे, बुशकोटावर गेला सारा भुगा. झटकू नोका, झटकलं की अजून पसरते. राहू द्या. मनिजर साहेबाच्या पांढऱ्या प्यांटीचं बी असंच झालतं, त्याईनं मले दोष देला, कोळशाले नाई.

अजून एक. हा लहान तुकडा जिभेले लावा. लावा नं, इख नाई ते. नाई? बरं, मीच लावतो... हे... पाहा... चिकटला. दिसला? ओढला तरी सोडत नाई. काहून? तहान लागली त्याले. ओला कोळसा जिभेवर ठेवा, नदीतल्या गोट्यासारखा गुमान बसते. वाळला की जिभेचं पानी ओढते. आता तुमी म्हनान, तहान लागली तं पाजा पानी, होईन परत पहिल्यासारखा. तिथंच तं मौज हाय साहेब. माहा आजा मिठाची लदेनी करे — बैलाच्या पाठीवर मिठाच्या गोन्या लादून मुलूखभर हिंडे, आमी लमान, रेल्वेनं धंदा नेला तवा तांड्यात बसून शेती कराले लागलो. आजा सांगे, मिठाची चिंता नाई, पावसाळ्यात पानी पेईन, उन्हाळ्यात परत देईन, मीठ ते मीठच. कोळसा तसा नाई. तिकडं बिहारकडं म्हनतात कोळसा जुना हाय, पिकलेला, त्याले उन्हात ठेवा की पान्यात ठेवा, तो आपला म्हाताऱ्यासारखा पडून राह्यते. आपला इकडचा कोवळा हाय. याच्या आंगातच पानी हाय, पान्यानंच याचं आंग धरून ठेवलं. एकदा ते काढून घेतलं की काढलं. मंग वरून वतलेलं पानी भेगाईत शिरते, आंगात नाई बसत. उलटं फुगून अजून फुटते. अन् गरम होते! व्हय, पानी पेऊन गरम होते. तुमी हासता. मी बी हासलो होतो, बाबाराव फोरमननं सांगतलं तवा.

बाबाराव म्हंजे पहिले इथले फोरमन, आता घरी बसले, डोळे गेले त्याईचे. त्याईच्या राज्यात ढीग कसा असे? कंबरेच्या वर नाई. मोठा ढेकूळ फोडाचा नाई. वरून ओले पोते टाकाचे, अन् मी बालटीनं पानी शिंपत फिराचं, सकाळी एक चक्कर, सांजी एक चक्कर. आठ दिवसाच्या वर कोळसा इथं ठेवाचा नाई, बैलबंड्या भरा अन् रवाना करा. माहं कामच ते होतं — कोळशाले पानी पाजाचं. लोकं हासत. तांड्यात माहा भासा प्रेमसिंग म्हने, मामा, जळनाले पानी घालून पगार घेनारा जगात तू एकटाच. घेऊ दे म्हनलं.

मंग आले मनिजर साहेब. शिकलेले, चांगले, मी वाईट नाई म्हनत — माह्या संगं बोलतानी सुद्दा "अहो बाबा" म्हनत. झालं काय, वनीच्या एका कापसाच्या जिनवाल्यानं तक्रार केली, तुमचा कोळसा ओला हाय, नुसता धूर करते, बॉयलर तापाले सकाळची दुपार होते. खोटी नोती तक्रार. साहेबानं पुस्तक काढलं. पुस्तकात लिहिलेलं होतं म्हने — कोळशातलं पानी गेलं की आग जास्त देते. ते बी खोटं नाई. लागला तं लागलाच हुकूम — उद्यापासून सारा कोळसा अंड्याएवढा फोडाचा, पटांगनात पातळ पसरवाचा, दिवसातून चार डाव परताचा, वीस-बावीस दिवस कडक ऊन दाखवाचं. चैत मह्यना, साहेब! घरोघरी बाया खाटेवर कुरड्या, पापड, सांडगे घालून राह्यल्या, अन् आमच्या खदानीवर कोळसा. चंदाबाई, हंसाबाई, अख्खी टोळी बायाईची, हातात फावडं घेऊन कोळसा परतून राह्यल्या. हंसाबाई म्हने, "साहेबाले म्हना जिरं टाकाचं राह्यलं!" चंदाबाई म्हने, "नाई वं, यंदा लग्न हाय खदानीत, रुखवतात मांडाचं हाय." साहेबाचं नावच पडलं — वाळवन साहेब. त्याईले मालूम नोतं. तुमाले मालूम झालं, सांगू नोका.

पहिल्या दिवशी तं आवाजच येये. दुपारी सारं चूप असलं की पटांगनातून तड-तड, तड-तड, जसं कोनी तव्यावर जवारीच्या लाह्या फोडून राह्यलं. मी गेलो साहेबाकडं. हात जोडले, म्हनलं, साहेब, हा फुटून राह्यला, याले ओलाच राहू द्या, नाईतं याचा भुगा होईन, अन् भुग्याचा ढीग आंगातून तापते, बाबाराव सांगत. तवा बाया तिथंच होत्या, भीमराज बी होता, टोपलं घेऊन. साहेब हासले. म्हने, "अहो बाबा, तुम्ही जन्मभर बैल हाकले, कोळसा आम्हाला हाकू द्या. तुमची बालटी आता बंद. पण पगार घेता तर काम केलं पाहिजे — ही काठी घ्या, तिथं बसा, आणि कावळे हाका. नाहीतर पापड नेतील!" सारे हासले. बाया हासल्या, भीमराज हासला. मी बी हासलो — काय करता, मोठा मानूस थट्टा करते तं हासा लागते. मले वाटलं थट्टा हाय. तं नाई साहेब, खरंच काठी देली. बावीस दिवस मी इथं बसलो काठी घेऊन. कोळशावर कावळा येते काय हो? एक नाई आला. कावळ्याले बी समजते. जाता-येता बंडीवाले इचारत, "काय खेमसिंगबावा, किती पापड वाचवले?" मी म्हनो, सारेच.

राग? नाई, राग कायचा. मी रागावत नाई, कोनाले बी विचारा.

तं वाळला कोळसा. अर्धा भुगा, अर्धा खडा. पहिल्या पंधरा बंड्या जिनवाल्याकडं गेल्या. तिसऱ्या दिवशी त्याचा मानूस आला भांडत — कोळसा भट्टीत टाकला की जाळीतून सरळ खाली राखेत, जळाच्या आदी! जे थोडं वर राह्यलं ते असं जळालं, असं भडकलं, की काय सांगा. म्हंजे पुस्तक बरोबर होतं. वाळलेला कोळसा जास्त तापते. फकत कुठं तापन, ते पुस्तकानं सांगतलं नोतं. मंग साहेबानं बाकीचा सारा कोळसा, भुग्यासकट, एका जाग्यावर ढीग करून ठेवला, डोक्याच्या दुप्पट उंच, की खदानीचे मालक सेठजी आले की त्याईले विचारून पाहू, विटाच्या भट्टीले खपते काय. सेठजी सोमवारी येनार होते. त्याच्या आदल्या मंगळवारी पाच मिन्टं पावसाचं एक शिंतोडं आलं, वैशाखात कवाकवा येते तसं, धूळ बी नीट नाई बसली. पन ढिगाले तहान होती. चोखून घेतलं त्यानं सारं. अन् मंग आंगात ताप भराले लागला. वरून काई दिसत नाई, साहेब. थंडगार काळा ढीग. पन जवळ गेलं की घासलेटसारखा, गोडसर वास. दखनेकडच्या आंगाले, खालून दोन हातावर, दगडासारखं दडपलेलं जे होतं, तिथं पाठ लावून बसलं की कंबर अशी मोकळी होये, अशी सुटी होये — बुधवारी निवांत ऊब होती, गुरुवारी पाठ टेकवली तं सदऱ्यातून लागे, शुक्रवारी मी चहाचं भगुनं तिथं खड्डा करून ठेवलं तं —

लिहिता लिहिता थांबले काहून?

...हां. खरं हाय. आताच तुमी आले तवा मी तुमाले सांगतलं की मले इतवारी भीमराज ओरडला तवा समजलं. ते लिहून घेतलं असन तुमी. खोडा. बुधवारी समजलं मले. चार रोज आदी. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार — चारी रोज मी तिथं पाठ शेकली, अन् शनिवारी तं भगुन्यातला चहा उकळला बी. इस्तो न लावता. मी एकटाच हासलो. म्हनलं, वा रे वाळवन साहेब, तुमचा पापड भाजला. काहून नाई सांगतलं? कोनाले सांगू? मले कोळशाचं काय समजते, मी कावळे हाकनारा. माहं तेच तं काम होतं, कावळे आले असते तं सांगतलं असतं. नाई — थांबा, असं नोका लिहू. हे मी स्वतःलेच सांगत होतो चार रोज, तुमाले बी तेच सांगून राह्यलो. खरं असं की मले तो धूर सोमवारी पाह्यजे होता. सेठजी जीपमधून उतरतीन, साहेब हात दाखवत म्हनतीन हा पाहा आपला वाळलेला कोळसा, अन् तिथून धुराचा लोट — त्याईच्या पांढऱ्या प्यांटीमागून. बस, एवढंच. मी काठी घेऊन बाजूले उभा राहीन, अन् कोनी विचारलं तं म्हनीन, साहेब, कावळे नाई आले. रातभर ते वाक्य मी घोकत होतो. पासष्ट वर्साचा मानूस, साहेब, अन् वाक्य घोकून राह्यला, शाळेतल्या पोट्ट्यासारखा. मले वाटलं दोन-चार बंड्या कोळसा जळन. खोदून पसरवला की थंड होते, बाबारावच्या राज्यात दोन डाव मीच केलतं, फावड्यानं, बाजूबाजूनं, वर न चढता. वर चढाचं नसते. आतून जळलं असते, पोकळ झालं असते, वरतून पापुद्रा असते नुसता.

पन ढिगानं सोमवार नाई पाह्यला. इतवारी न्याहारीच्या वेळेले पेटला. सुटीचा दिवस, खदानीवर कोनी नाई, मनिजर साहेब वनीले. भीमराजची झोपडी या नाल्यापलीकडं, त्यानं धूर पाह्यला अन् फावडं घेऊन पळत आला — सुटीच्या दिवशी, साहेब, बिनापगारी. ओरडला, "काका, ढीग जागा झाला! काका, उघडा लागते!" मी खाटेवरून उठून राह्यलो. मले उठाले वेळ लागते. तो कवाच वर चढला, वरून फोडाले. त्याले कोनी सांगतलं नोतं चढाचं नाई म्हून. सांगनारा मीच होतो. मी ओरडलो बी — ओरडलो असन, मले आठवते की ओरडलो — पन तवर त्याचा उजवा पाय घुटन्यापर्यंत आत गेलता. इस्त्यात. मी त्याले बगलेत धरून खाली ओढलं. अन् उद्या सेठजी येनार म्हून तवाच वनीहून मनिजर साहेब आले, त्याईनं पाह्यलं — ढीग पेटलेला, अन् भीमराज तिथं पडलेला, बाजूले त्याचं फावडं. झालं. त्याईले कारन भेटलं. पुस्तकात पाहाची गरज नाई पडली. मंग बंबातलं पानी मारलं त्याईनं वरून, अन् त्या पान्यानं तीन दिवस अजून जळला ढीग, ते तुमच्या कागदात नसन.

पायाचे दोन बोटं गेले भीमराजचे. डाक्टर म्हनते पाय राहीन. फौजदार दवाखान्यात जाऊन आला, पलंगावर पडलेल्या मानसाले विचारते, बिडी कोनत्या छापाची होती. अन् मले मनिजर साहेबानं रजेवर जाताजाता सांगतलं — बाबा, अंगठा लावा, तुमची चौकीदारी पक्की, ही खोली बी तुमची. बालटी बी परत देतो म्हने! पाह्यलं? त्याईले बी समजलं असन म्हंजे, कोळसा ओला ठेवा लागते ते. समजलं, पन भीमराजच्या पायावरून समजलं.

तं दुसरा कागद काढा. कोरा. लिहा — ढीग आपोआप तापला, कोळसा वाळवून भुगा केला म्हून तापला. हे वरतं लिहा. अन् त्याच्याखाली लिहा, चौकीदार खेमसिंग याले चार रोज आदी मालूम होतं अन् त्यानं सांगतलं नाई, मनात अढी होती म्हून. अढी लिहिता येते नं तुमाले? लिहा मंग. माहा अंगठा त्या कागदावर लागन, दुसऱ्या कोनत्या नाई. ...पेनाले टोपन लावलं. बरं. असं लिहाले तुमाले सांगतलं नाई हापिसानं. बरोबर हाय, तुमी कायले भांडान, तुमी नवे, तुमाले अजून पुरतं ऊन लागलं नाई. काई नाई, तुमचा कागद तुमच्यापाशी ठेवा. फौजदार वनीलेच बसते, दहा मैल असन, उद्या सकाळी निघालो तं सांजेपर्यंत पोचीन, माह्या चालीनं. त्याले तोंडी सांगीन. त्याले लिहाच लागन, त्याचं कामच ते हाय.

आता उठा तुमी. उठा म्हनतो, लवकर. ते पाहा, नाल्याच्या पायवाटेनं कोन येऊन राह्यली. मथुराबाई. भीमराजची बायको. रोज या वेळेले दवाखान्यातून येते, धडुतं घेऊन धुवाले, अन् घरी जाच्या आदी इथं थांबते. दोन घोट पानी पेते, मले बी देते, अन् रोज एकच म्हनते — "काका, तुमी होते म्हून वाचला माहा मानूस, तुमी नसते तं पुरा जळाला असता." आठ रोज झाले. आठ रोज मी ऐकून घेतो अन् पानी पेतो. खरं तुमच्यापाशी निंगालं, तुमी परके म्हून. — जा नं बाप्पा, तिच्यासमोर तो कागद नोका धरू. अन् डायवरले सांगा जीप हळू काढ, तिच्या आंगावर धूळ उडवू नोको.

...ये माय, मथुरा. साहेब होते नागपूरचे, गेले. — नाई, पानी नोको आज. गठुडं खाली ठेव आदी. ठेव. अन् बस इथं माह्यासमोर. बस म्हनलं नं, माय —